बोटीवरचा चौविहार

जळगावच्या कापडबाजारात अमृतलालचं दुकान विचारलंत, तर समोरचा माणूस आधी हसायचा आणि मग हात दाखवायचा. "कोण, संडासवाले अमृतभाऊ? ते काय, पिंपळापुढचं तिसरं दुकान." नवखा माणूस गोंधळून जायचा. दुकानात बघावं तर मांजरपाट, लट्ठा, लुगडी, पोलक्याचे खण, सगळं कसं चोख. गल्ल्यावर बसलेला माणूसही टोपी-कोटातला, गोरागोमटा, चांगला पन्नाशीचा. मग त्याला हे असलं नाव कुठून चिकटलं?

तर त्याचं असं. अमृतलाल दर मे महिन्यात चाळीस माणसांची ट्रिप काढायचा. आणि ट्रिप निघायच्या पंधरा दिवस आधी हा गृहस्थ एकटाच त्या गावी जाऊन यायचा. पिशवीत धोतरजोडी, दशम्या आणि दुकानातला कापड मोजायचा लोखंडी मीटर. धर्मशाळेत शिरला की ना ऑफिस बघायचा, ना स्वयंपाकघर, तडक मागच्या अंगाला. दार किती रुंद, उंबरा किती उंच, आत धरायला काही आहे की नाही, कडी आतून लागते का, सगळं मीटर लावून मोजायचा आणि वहीत लिहायचा. एका व्यवस्थापकाने तर हात जोडून विचारलं होतं, "शेठ, आत पडदे लावायचा विचार आहे का?"

बाजारात ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली जायची. अमृतलाल ऐकायचा आणि कापड मोजत राहायचा. हसणाऱ्यांना हसू द्यावं, आपण त्या लायकीचेच आहोत, असं त्याला मनापासून वाटायचं. कारण एके काळी तो असा नव्हता. अजिबात नव्हता!

एकोणिसशे एकोणसत्तरच्या आधीचा अमृतलाल म्हणजे काय तोरा होता, विचारू नका. गळ्यात शिटी, हातात नावांची यादी, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. जळगाव-धुळ्याच्या आमच्या मारवाडी जैन समाजातली माणसं देवधर्माला आणि लग्नाला सोडली तर घराबाहेर पडायला नाखूश. कांदा-लसणाची भीती, सूर्यास्तानंतरच्या जेवणाची भीती, न उकळलेल्या पाण्याची भीती. अमृतलालने ही सगळी भीती आपल्या अंगावर घेतली. आचारी बरोबर, शेगड्या बरोबर, आणि उकळून गार केलेल्या पाण्याची पितळेची दोन मोठी पिंपं बरोबर. त्या पिंपांचा तर त्याला भारी अभिमान. ट्रिप परतली की पिंपात हमखास पाणी उरलेलं असायचं. ते तो अंगणातल्या कडुनिंबाच्या आळ्यात ओतायचा आणि शेजाऱ्यांना हाक मारून दाखवायचा, "बघा! चाळीस माणसं, एवढा उन्हाळा, आणि तरी पाणी शिल्लक. याला म्हणतात बंदोबस्त!"

आणि वर हेही सांगायचा, "पुरुषांची कटकट असते हो. याला चहा हवा, त्याला पान हवं. बायकांचा मला काडीचा त्रास नाही. पाणीसुद्धा मागत नाहीत बिचाऱ्या." त्याची बायको राजकुंवर हे ऐकत जवळच उभी असायची. ती पिंप घासायला घ्यायची.

दहा ट्रिपा अशा डंका वाजवत झाल्या. अकरावी निघायची होती गोव्याला, आणि तीही मुंबईहून बोटीने. आमच्या खानदेशातल्या माणसाने पाणी बघावं ते तापीचं, नाहीतर गिरणेचं, तेही पावसाळ्यात. समुद्रावर एक अख्खा दिवस आणि एक रात्र काढायची या कल्पनेनेच लोक हरखून गेले. आठवडाभरात यादी भरली. यादीत पहिलं नाव अमृतलालने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: धनकुंवर, धुळे.

धनकुंवर ही त्याची थोरली बहीण. जीजी म्हणायचा तो तिला. आई गेली तेव्हा अमृतलाल चार वर्षांचा होता आणि जीजी तेरा. तिनेच त्याला कडेवर वाढवलं. लहानपणी अंधार पडल्यावर परसात जायला तो घाबरायचा, तेव्हा जीजी कंदील घेऊन बाहेर उभी राहायची आणि आतून हाक आली की उत्तर द्यायची, "आहे रे अमृत, आहे. तू बस निवांत." तिचं लग्न होऊन ती धुळ्याला गेली तेव्हा या पोराने दोन दिवस अन्न घेतलं नव्हतं.

तर या जीजीला बोटीत बसायची फार हौस. पण तीन वर्षांपूर्वी ती न्हाणीघरात पाय घसरून पडली होती आणि खुब्याचं हाड वाकडं बसलं होतं. उजवा पाय गुडघ्यात वाकेना. काठीने चालायची, खुर्चीत बसायची, पण खाली उकिडवं बसणं कायमचं संपलं. आता उकिडवं बसता येत नाही म्हटल्यावर बाईची काय अवस्था होते, ते तोंडाने सांगायला नको. धुळ्याच्या लोटन मिस्त्रीने तिला सागवानी खुर्ची करून दिली होती, मधे गोल भोक पाडलेली, दोन्ही बाजूंनी धरायला हात, खाली भांडं ठेवायला फळी. त्या खुर्चीने जीजीला पुन्हा माणसात आणलं होतं. ट्रिपचं ठरलं तसं लोटनने आपण होऊन खुर्चीचे पाय कापले, बिजागऱ्या लावल्या, आणि घडी घालून गोणपाटात बांधता येईल अशी करून दिली.

अमृतलाल तिला न्यायला धुळ्याला गेला, तेव्हा ओसरीवर ते गोणपाटाचं बोचकं तयार होतं. लोटन सुतळी आवळत बसला होता.

"हे काय?" अमृतलालने विचारलं.

जीजी थोडी लाजली. "माझी खुर्ची रे. बोटीवर लागेल ना."

अमृतलालच्या डोळ्यांपुढे जळगावचं स्टेशन उभं राहिलं. फलाटावर चाळीस माणसं, सगळे समाजातले, आणि हमालाच्या डोक्यावर भोक पाडलेली खुर्ची. कुणीतरी विचारणारच, हे काय अमृतभाऊ? मग सांगायचं काय? नुसत्या विचारानेच त्याचे कान तापले. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "छे छे जीजी, बोटीवर विलायती पद्धतीचे संडास आहेत. खुर्चीत बसल्यासारखं बसायचं. मी सगळी चौकशी केली आहे."

चौकशी! कसली डोंबलाची चौकशी? मुंबईच्या बुकिंग एजंटाला त्याने दोन पत्रं लिहिली होती. शेगडी पेटवता येईल का, जेवण सूर्यास्ताच्या आत उरकता येईल का, बसायला एकत्र जागा मिळेल का. संडासाबद्दल त्याने एक अक्षर लिहिलं नव्हतं. असलं पत्रात लिहितात का कुठे? वरच्या वर्गाच्या खोल्यांना तशी सोय असते असं त्याने कुणाकडून तरी ऐकलं होतं खरं. पण यांची तिकिटं होती उघड्या डेकची.

"नक्की ना रे?" जीजीने विचारलं.

"नक्की. माझ्यावर भरवसा नाही का?"

लोटनला मात्र राहवलं नाही. तो सुतळी हातात धरूनच म्हणाला, "बहिनले लई जाई राहिनात ना भाऊ, मंग हाई खुर्चीबी लई जा. तिना बठ्ठा आधार हाईच शे."

"तिचा आधार खुर्ची कशाला, मी आहे. तू सुतारकी कर, ट्रिप मला माहीत आहे," अमृतलाल म्हणाला. बोचकं ओसरीवरच राहिलं.

सोमवारी दुपारी ते धुळ्याहून एस.टी.ने निघाले, संध्याकाळी जळगावला गाडीत बसले, मंगळवारी सकाळी मुंबईला उतरून थेट धक्क्यावर. गाडीत जीजीने पाणी घेतलं नाही. "सूर्यास्तानंतर मी घेत नाही," म्हणाली, आणि ते सगळ्यांच्या घरचंच असल्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. "आता बोटीवरच बघू," असंही ती म्हणाली. ते अमृतलालने ऐकलं होतं.

बोट दहाच्या सुमारास सुटली. भोंगा वाजला, बायकांनी हात जोडले, पुरुषांनी टोप्या सांभाळल्या. अमृतलाल यादी घेऊन सतरंज्या मोजत फिरत होता. तेवढ्यात त्याला जीजी दिसली. ती काठी टेकत, भिंतीला धरत संडासाच्या दारापाशी पोचली होती. बोटीवर लाटेचं पाणी आत येऊ नये म्हणून दारांना उंच लोखंडी उंबरे असतात, हे अमृतलालला तेव्हा पहिल्यांदा कळलं. उंबरा जवळजवळ गुडघ्याएवढा. दार एवढं अरुंद, की काठी आणि माणूस एकदम आत जाणार नाही. आणि दार उघडंच होतं, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं: ओली लोखंडी जमीन, आणि तिच्यात बसवलेलं खाली बसायचं भांडं. बोट हलत होती तसं पाणी या कडेचं त्या कडेला जात होतं.

जीजी तिथे उभी राहिली. तिने एकदा उंबऱ्याला काठी लावून बघितली. मग हळूच वळली.

आणि अमृतलालने काय केलं? पुढे झाला? हात दिला? वरच्या वर्गाच्या कारकुनाकडे जाऊन विनवणी केली? त्याने मान फिरवली. यादीत डोकं घातलं आणि उगाच मोठ्याने ओरडला, "घेवरचंदजी, तुमची वळकटी कुठे आहे?" वळकटी घेवरचंदजींच्या बुडाखाली होती.

अर्ध्या तासाने तो पाण्याचा पेला घेऊन जीजीकडे गेला. जीजी कठड्याला टेकून ट्रंकेवर बसली होती. पेला बघून तिने मान हलवली. "आज माझा उपवास आहे."

"कसला उपवास? पाणी तर चालेल ना?"

तिने पेला हाताने बाजूला सारला. मग म्हणाली, "नाही. चौविहार आहे."

चौविहार उपवास म्हणजे अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही, आदल्या सूर्यास्तापासून तो तिसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत. धट्टीकट्टी माणसं पावसाळ्यात, आमच्या पर्युषण पर्वात करतात तो उपवास. इथे मे महिना, साठीची बाई, समुद्राचा खारा वारा. अमृतलाल काही दूधखुळा नव्हता. त्याला तिथल्या तिथे कळलं की हा उपवास त्या उंबऱ्यातून निघाला आहे. आणि जी गोष्ट पुढे त्याला रात्रंदिवस छळत राहिली ती ही, की कळल्याबरोबर त्याला वाईट वाटायच्या आधी हायसं वाटलं. सुटलो, असं वाटलं! आता कुणी विचारणार नाही, कुणी खुर्चीचं नाव काढणार नाही.

त्याने शिटी फुंकली. सगळे वळले. "ऐका हो ऐका! आमच्या जीजींनी आज चौविहार उपवास धरला आहे! बोटीवर, या उन्हात! बोला, तपस्वी की..."

"जय!" चाळीस माणसांनी डेक दणाणून सोडला.

झालं. दार बंद झालं. तोवर जीजी मनात आलं असतं तर घोटभर पाणी पिऊ शकली असती. आता चाळीस माणसांच्या देखत व्रत मोडायचं म्हणजे जन्माची नाचक्की. बायका येऊन तिच्या पाया पडू लागल्या. "सुखशाता आहे ना जीजी?" म्हणून तपस्विनीची खुशाली विचारू लागल्या. प्रेमकुंवर नावाच्या म्हातारीने तर तिच्या पायाची धूळ कपाळाला लावली. जीजी डोळे मिटून बसली होती. लोकांना वाटलं, जप चालला आहे.

दुपारनंतर तिचे ओठ पांढरे पडले. मधल्या एका बंदरावर बोट थांबली, माणसं खाली होडीत उतरू लागली, तेव्हा तिने अमृतलालला खुणेने बोलावलं आणि अगदी हळू विचारलं, "अमृत, इथे उतरता येईल का रे थोडा वेळ?"

"कसं उतरणार जीजी? दोराच्या शिडीवरून होडीत जावं लागतं. सकाळी पणजी येईलच की."

"बरं," ती म्हणाली. पंचेचाळीस वर्षांपूर्वी बाहेर कंदील घेऊन उभी राहणारी ती, आणि आता दारात उभं राहायची त्याची पाळी आली तेव्हा त्याने शिटी वाजवली. हा विचार त्या संध्याकाळी त्याच्या मनाला चाटूनही गेला नाही, असं मी म्हणणार नाही. आला होता. त्याने तो झटकला आणि तो पत्ते खेळायला बसला.

बुधवारी पणजीला उतरल्यावर मुगाच्या पाण्याने मोठ्या थाटात पारणं झालं. दुपारी जीजीला थंडी वाजून ताप भरला आणि ओटीपोटात अशी कळ उठली, की ती बाई, जिने हाड मोडलं तेव्हाही आरडाओरड केली नव्हती, ती गुरासारखी ओरडली. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि विचारलं, "यांना शेवटची मोकळी लघवी कधी झाली?"

अमृतलालने बोटांवर तास मोजायला सुरुवात केली. सोमवारची दुपार, मंगळवार, बुधवार. दोन्ही हातांची बोटं संपली, तरी तास संपेनात. डॉक्टर त्याच्याकडे बघत म्हणाले, "माणसं बरोबर होती ना यांच्या?"

राजकुंवर जीजीची पिशवी घेऊन मागे गेली. पिशवीच्या तळाशी जुन्या लुगड्याच्या घड्या होत्या, ओल्या, कागदात गुंडाळलेल्या. जीजीने त्या गाडीत आणि बोटीवर अंगाला बांधल्या होत्या, आणि कुणाला वास येऊ नये म्हणून वर कापराच्या वड्या ठेवल्या होत्या. राजकुंवरने त्या धुतल्या आणि दवाखान्याच्या मागे वाळत घातल्या. अमृतलालने ते बघितलं.

बाकीची मंडळी गोवा बघून परत गेली. जीजी अकरा दिवस दवाखान्यात होती. वाचली, पण सूज मूत्रपिंडापर्यंत गेली होती. त्यानंतर तिला दर दोन-तीन महिन्यांनी ताप यायला लागला, आणि पुढेही येतच राहिला.

आता गंमत बघा. गंमत कसली, कर्मच म्हणायचं! जळगावात बातमी पोचली ती अशी, की धनकुंवरबाईंनी जिवावर उदार होऊन व्रत पूर्ण केलं. त्या भाद्रपदात पर्युषण आलं तेव्हा जैन संघाने स्थानकाच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनागृहाच्या, अंगणात तिचा सत्कार ठरवला. घेवरचंदजी संघाचे सेक्रेटरी. त्यांनी चांदीचा पेला आणला. भाषण करायला उभा राहिला कोण, तर अमृतलाल! आवाज चढवून त्याने ते ऊन, तो वारा, ती निष्ठा, सगळं रंगवून सांगितलं. जीजी पेला हातात घेईना. "मला नको," एवढंच पुटपुटली. लोक म्हणाले, काय हा निरहंकार! आणि पुन्हा जयजयकार झाला. त्या वेळी जीजीने त्याच्याकडे बघितलं, आणि अमृतलालचा जय तोंडातच राहिला.

तिथून त्याला चैन पडेना. दुकानात गिऱ्हाईकाला पाच वार म्हणता सात वार फाडून द्यायचा. घरात कुणी पेला पुढे केला की त्याला बोटीवरचा पेला आठवायचा. पुढच्या मे महिन्यात लोक विचारायला आले, तर दुकानात गर्दी आहे म्हणाला. ट्रिप निघालीच नाही.

सत्तर सालचं पर्युषण आलं. शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, आम्ही लोक वर्षभरात कळत-नकळत झालेल्या अपराधांची एकमेकांकडे क्षमा मागतो. दुसऱ्या दिवसापासून घरोघर जायचं, हात जोडायचे, "मिच्छामि दुक्कडम्" म्हणायचं, की समोरचाही तेच म्हणतो आणि दोघं पुढच्या घरी निघतात. गावाबाहेरच्यांना छापील कार्डं जातात. अमृतलालने जीजीच्या नावाचं कार्ड लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं, आणि शेवटी धुळ्याची एस.टी. पकडली.

जीजी ओसरीवर बसली होती, लोटनच्या नव्हे, साध्या खुर्चीत. वाळून गेली होती. अमृतलालने खाली बसून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "जीजी, वर्षभरात काही चुकलंमाकलं असेल तर..."

"काय चुकलं?" तिने विचारलं.

या प्रश्नाची कुणालाच सवय नसते. हे वाक्य म्हणायचं असतं, त्याचा तपशील कुणी विचारत नाही.

"कळत-नकळत..."

"कळत की नकळत? एक काहीतरी सांग."

"कळत, जीजी. तू दारापाशी गेलीस तेव्हा मी तुला बघितलं होतं. मी तोंड फिरवलं. आणि संडासाची चौकशी मी केलीच नव्हती. मला खुर्चीची लाज वाटली."

"मला माहीत आहे," जीजी म्हणाली. "तू बघतोयस हे मी बघितलं होतं. घेवरचंदजींची वळकटी त्यांच्या खालीच होती." तिने आत हाक मारून सुनेकडून फडक्यात गुंडाळलेली वस्तू मागवली. चांदीचा पेला होता. एकदाही वापरला नव्हता. "तुझी क्षमा मी केली रे. तू माझ्या हातचा वाढलेला, तुझ्यावर राग धरून मी कुठे जाणार? पण माझं काय? मी उपवास केला नव्हता, अमृत. मी तहान मारली होती, आणि लोक माझ्या पाया पडले. प्रेमकुंवरने धूळ लावली कपाळाला. मी कुणाकुणाच्या दारी जाऊन क्षमा मागू? तुमच्या स्थानकाच्या तर पायऱ्यासुद्धा मला चढवत नाहीत."

"मी काय करू, सांग जीजी."

"ज्या आवाजात जय बोलायला लावलास ना, त्याच आवाजात खरं सांग. त्याच लोकांना."

अमृतलाल पेला घेऊन जळगावला परतला. पुढच्या रविवारी स्थानकात सगळ्या समाजाची एकत्र क्षमापना होती. राजकुंवरला त्याने सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बोला. मी समोर बसते."

आणि तो बोलला. हातातला पेला वर धरला आणि एक एक करून सगळं सांगितलं. खुर्ची, खोटी चौकशी, गुडघ्याएवढा उंबरा, फिरवलेली मान, शिटी. "ते व्रत नव्हतं. माझ्या बहिणीला संडासात जाता येत नव्हतं म्हणून ती पाणी प्यायली नाही. आणि हे माहीत असून मी तुमच्याकडून जयजयकार करवून घेतला." संडास हा शब्द स्थानकात कुणी असा खणखणीत आवाजात कधी उच्चारला नसेल. पुरुषांच्या बाजूला चुळबुळ झाली. घेवरचंदजी घसा खाकरून म्हणाले, "बरं बरं, झालं ते झालं." आणि त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

बाहेर पायऱ्यांवर लोक त्याच्याशी नजर न मिळवता चपला शोधत होते. अमृतलालला वाटलं, चला, ओझं उतरलं. आता जीजीला जाऊन सांगायचं.

तेवढ्यात प्रेमकुंवर म्हातारी कठडा धरत धरत त्याच्यापाशी आली. तिचा चेहरा मायेने भरला होता. त्याच्या हातावर थोपटत ती म्हणाली, "अमृतभाऊ, एवढं काय जिवाला लावून घेता? जीजींचा पाय आखडला म्हणून त्यांचं उघड्यावर आलं, एवढंच. मी तुमच्या सात ट्रिपांना आले, सातही वेळा आदल्या दिवसापासून पाणी तोडते. आम्ही सगळ्याच तोडतो. जायचं कुठे, बसायचं कुठे, बाहेर पुरुष उभे, दाराला कडी नाही. त्यापेक्षा न प्यायलेलं बरं. सवय असते हो आम्हाला. तुमची व्यवस्था फार छान असते. पुढच्या वर्षी काढा बरं का ट्रिप, माझं नाव धरा."

ती निघून गेली. अमृतलालने राजकुंवरकडे बघितलं. ती वाकून चपलेचा अंगठा सरळ करत होती.

"तू?" त्याने विचारलं.

"अकरा वर्षं," ती म्हणाली. "चला, ऊन लागतंय."

घरी आल्यावर तो आत गेलाच नाही. अंगणातल्या कडुनिंबाखाली उभा राहिला. राजकुंवरने पाण्याचा तांब्या आणून त्याच्या हातात दिला. त्याने तांब्या तिच्याकडे परत केला आणि म्हणाला, "आधी तू पी."

ती प्यायली. सबंध तांब्या प्यायली.